दिव्याला उजेड कोण दाखवणार?

मंडळी, गाव दिवा, म्हणून विषयही दिव्याचाच घेतलाय. पण भर दुपारचा, आणि तोही फोटोतला.

सोमवती अमावास्येला जेजुरीहून खंडोबाची पालखी कऱ्हेवर स्नानाला जाते. ऊन, उधळलेला भंडारा आणि वाघ्याच्या हातात पेटती दिवटी. याचे फोटो आपण सगळेच पाहतो. बऱ्याच फोटोंत आभाळ काळंकुट्ट आणि ज्योत धगधगती. दुपारची रात्र झाली कशी? तर म्हणे फ्लॅशने.

इथेच गोम आहे. फ्लॅशचा लखलखाट निमिषात संपतो. ज्योत मात्र उन्हासारखी सतत जळत असते. शटर आवळून ऊन दाबलं की ज्योतही तितकीच दबते. फ्लॅश माणसाला उजळेल, भंडाऱ्याला उजळेल, पण आभाळ आणि ज्योत यांच्यातलं प्रमाण त्याच्या हातात नाही. उन्हातला पांढरा कागदसुद्धा पणतीच्या ज्योतीपेक्षा उजळ असतो, बरं का! म्हणून आभाळ काळं आणि ज्योत लखलखीत, असं दोन्ही दिसलं की मला कॅमेऱ्यापेक्षा संगणकाचा संशय येतो. प्रामाणिक छायाचित्रकार दोन पावलं सरकतो आणि ज्योतीमागे दीपमाळेचा सावलीतला दगड घेतो. काम झालं.

आपल्याकडे नैयायिकांचा आवडता दाखला: दिवा पाहायला दुसरा दिवा लागत नाही. नागार्जुनाने 'विग्रहव्यावर्तनी'त या दाखल्यालाच हात घातला. अग्नी स्वतःला प्रकाशित करतो म्हणता, तर आधी तो अंधारात होता का, घटासारखा? नव्हता ना? मग प्रकाशित काय केलं? फ्लॅशवाल्यांनी हा प्रश्न जरूर वाचावा. जी अंधारात नव्हतीच, तिच्यावर तुम्ही उजेड टाकताय.

आणि उजेड टाकल्यावर होतं काय? सावली पडते! मायकेल फॅरडेने 1860-61 साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर मेणबत्तीवर व्याख्यानं दिली. त्यात त्याने ज्योतीची सावली दाखवली. ज्योतीचा जो भाग सर्वांत तेजस्वी, त्याचीच सावली सर्वांत गडद. कारण तिथे काजळीचे तापलेले कण असतात. तेच चमकतात आणि तेच उजेड अडवतात. जोरदार फ्लॅशमध्ये, मागे जवळ भिंत असेल, तर अशी पुसट सावली मिळू शकते. तो फोटो मला हजार धगधगत्या दिवट्यांपेक्षा आवडेल, कारण त्यात फ्लॅशने स्वतःहून काहीतरी शोधलेलं असेल.

एरवी फ्लॅशचं खरं काम वेगळंच आहे. डोक्यावरच्या उन्हात पागोट्याखाली वाघ्याचा चेहरा काळवंडतो. तिथे हलका फ्लॅश द्या. धुराने बारीक झालेले डोळे दिसू द्या, ज्योत फिकी पडली तरी पडू द्या. माझी तक्रार आणखी एका गोष्टीची आहे. दिवटीला सारखं तेल लागतं, त्यासाठी सोबत बुधली असते. या नाट्यमय फोटोंत बुधली आणि ती धरणारा हात हटकून चौकटीबाहेर असतात.