तैमात आणि तियामत : लोकमान्यांच्या एका लेखाची फेरतपासणी

लोकमान्य टिळकांच्या संशोधनपर लेखनाचा विषय निघाला की 'ओरायन' (१८९३), 'आर्क्टिक होम इन द वेदाज' (१९०३) आणि 'गीतारहस्य' ही तीन नावे हमखास येतात. 'खाल्डियन अँड इंडियन वेदाज' या लेखाचे नाव सहसा कोणी घेत नाही. मी रत्नागिरीत राहतो, आणि टिळकांचे जन्मस्थान मिरवणाऱ्या या गावातही त्या लेखाचा उल्लेख माझ्या कानावर क्वचितच आला आहे. लेख लहान आहे. सर रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना ऐंशी वर्षे पूर्ण झाली त्या निमित्ताने १९१७ साली काढलेल्या गौरवग्रंथात तो पहिल्यांदा छापला गेला. टिळकांच्या निधनानंतर १९२५ मध्ये 'वेदिक क्रोनॉलॉजी' या पुस्तकात त्याचा पुन्हा समावेश झाला.

ज्यांना लेख अर्पण झाला त्या भांडारकरांचेही रत्नागिरीशी नाते होते. त्यांचे शालेय शिक्षण इथे झाले आणि पुढे इथल्या हायस्कुलाचे ते हेडमास्तरही होते. टिळक दहा वर्षांचे होईपर्यंत इथेच वाढले. या दोघांना शब्दांकडे पाहण्याची जी दोन वेगळी शिस्त लाभली होती, त्यांची गाठ या लेखात पडते. सुमेरी आणि इंडो-युरोपीय भाषांच्या शब्दसंबंधांची चर्चा आजही त्याच गाठीभोवती फिरत असते. म्हणून जुना लेख पुन्हा उघडणे मला अगत्याचे वाटते.

लेखात काय आहे

अथर्ववेदाच्या पाचव्या कांडातले तेरावे सूक्त सर्पविष उतरवण्याचे आहे. त्यात काही विलक्षण शब्द दाटीने आले आहेत : तैमात, आलिगी, विलिगी, उरुगूला, ताबुव. यांची व्युत्पत्ती संस्कृतात नीट लागत नाही. या कांडावर सायणभाष्यही उपलब्ध नाही. पाश्चात्त्य भाषांतरकारांनी ही सापांची नावे समजून जशीच्या तशी ठेवली आणि पुढची वाट धरली.

टिळक तिथे थांबले. तैमात म्हणजे बाबिलोनच्या सृष्टिकथेतली तियामत, आदिजलाची राक्षसी. उरुगूला म्हणजे 'उरुगल', मोठे नगर, अर्थात मृतांचे पाताळ. विलिगी म्हणजे 'बिलगी' नावाचा खाल्डियन देव. याखेरीज ऋग्वेदात इंद्राला लावलेल्या 'अप्सुजित्' या विशेषणात त्यांना बाबिलोनचा 'अप्सु', म्हणजे पाताळातला जलौघ, दिसला. इंद्र-वृत्र आणि मार्दुक-तियामत या दोन युद्धांची त्यांनी तुलना केली. काही शब्द तिकडून इकडे आले, काही इकडून तिकडे गेले, आणि दोन्ही संस्कृती समकालीन असून त्यांच्यात देवघेव होती, असा त्यांचा निष्कर्ष.

लेखाचे धाडस आज चटकन लक्षात येत नाही. वेदांचे प्राचीनत्व सिद्ध करण्यासाठी आयुष्यातली कित्येक वर्षे वेचलेला हा माणूस इथे वेदात परके शब्द आहेत असे स्वच्छपणे म्हणतो. परका शब्द सापडला म्हणून वेद हलका झाला असे त्याला वाटत नाही.

शब्दांची एकेक तपासणी

टिळकांच्या हाती कोणती साधने होती ते आधी पाहू. बाबिलोनच्या सृष्टिकथेच्या मातीच्या पाट्या जॉर्ज स्मिथ यांनी १८७६ मध्ये जगापुढे आणल्या. सुमेरी ही अक्कडीहून वेगळी, सेमिटिक नसलेली भाषा आहे हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हळूहळू स्पष्ट झाले. 'सुमेरी' हे नाव ओपेर यांनी १८६९ मध्ये सुचवले, पण रुळायला वेळ लागला. दरम्यान आज आपण जिला सुमेरी म्हणतो तिला कित्येक विद्वान 'अकेडियन' म्हणत. टिळकांचे लेखन या जुन्या परिभाषेत आहे, आणि तो लेख वाचताना आजच्या वाचकाची फसगत इथेच होते.

कारण तियामत हा शब्द सुमेरी नाहीच. तो अक्कडी, म्हणजे सेमिटिक आहे. त्याचा अर्थ समुद्र, आणि हिब्रूतला 'तेहोम' त्याचा भाऊबंद. म्हणजे तैमात हा तियामतवरून आला असे मानले, तरी त्यातून सुमेरी आणि संस्कृत यांचे नाते सिद्ध होत नाही. फार तर वैदिक मांत्रिकाच्या कानावर मेसोपोटेमियातला एक शब्द पडला होता एवढे दिसते.

तरीही हे समीकरण टाकाऊ नाही. सूक्तात तैमाताच्या जोडीला 'अपोदक' असा शब्द आहे. अपोदक म्हणजे पाण्यापासून दूर असलेला. तेव्हा तैमात हा पाण्यातला साप असावा असे संदर्भच सुचवतो. शिवाय शिवापासून शैव होतो तशी आद्य स्वराची वृद्धी धरली, तर 'तैमात' म्हणजे 'तिमात'ची संतती असा अर्थ बसू शकतो. मधले 'तिमात' हे रूप मात्र आपल्याला गृहीत धरावे लागते, कुठे लिहिलेले मिळत नाही.

उरुगूलाची बाजू यापेक्षा बळकट आहे. सुमेरीत 'इरि' किंवा 'उरु' म्हणजे नगर आणि 'गल' म्हणजे मोठे. पाताळाला 'मोठे नगर' म्हणण्याची रीत तिथे खरोखर होती. पाताळाचा स्वामी नेर्गल याच्या नावाचा उलगडाही 'मोठ्या नगराचा धनी' असाच करतात. अथर्ववेदात सर्पिणीला उरुगूलेची मुलगी म्हटले आहे. साप पाताळाची लेक असणे आपल्याकडच्या कोणालाही परके वाटणार नाही.

विलिगीचे समीकरण मात्र ढासळते. 'बिल' आणि 'गि' या क्रमाने लिहिलेली चिन्हे 'गिबिल' अशी उलटी वाचायची असतात हे पुढे निश्चित झाले. गिबिल हा अग्निदेव. वाचनच बदलले, तेव्हा विलिगीशी असलेले ध्वनिसाम्यही नाहीसे झाले.

'अप्सु'ची गोष्ट सर्वांत बोधप्रद आहे. सुमेरी 'अब्झु'पासून अक्कडी 'अप्सू' आला. संस्कृत 'अप्सु' कानाला अगदी तसाच लागतो आणि अर्थही पाण्याचाच. पण संस्कृतात मूळ शब्द 'अप्' एवढाच आहे, 'सु' हा सप्तमीच्या अनेकवचनाचा प्रत्यय. अवेस्तेत 'आप', लिथुएनियनमध्ये नदीला 'उपे' असे त्याचे सख्खे नातलग आहेत. म्हणजे 'अप्' ही वडिलोपार्जित मालमत्ता आहे, उसनवारी नाही. दोन शब्द ध्वनीने आणि अर्थाने जुळले, तरी त्यांचा संबंध नसू शकतो याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

हापूस, काजू आणि पुरावा

नाते, उसनवारी आणि योगायोग या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. नाते ध्वनिनियमांनी ओळखायचे. मराठी दहा, संस्कृत दश, ग्रीक देका, लॅटिन देकेम हे शब्द दिसायला सारखे आहेत म्हणून नातलग ठरत नाहीत. त्यांच्यातला फरकही नियमाने होतो आणि तोच नियम इतर शेकडो शब्दांना लागतो, म्हणून ते नातलग. प्राकृतातून मराठी कशी घडली हे याच शिस्तीने भांडारकरांनी १८७७ च्या विल्सन व्याख्यानांत दाखवले होते. उलट फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' यांचा अर्थ एक, उच्चार जवळजवळ एक आणि संबंध शून्य.

उसनवारीला ध्वनिनियमांची तितकी बांधिलकी नसते, म्हणून तिथे दुसरा पुरावा लागतो. रत्नागिरीच्या बाजारात तो ढिगाने पडलेला आहे. 'हापूस' हा 'अफोंसो' या पोर्तुगीज नावाचा अवतार आहे असे नुसत्या कानाने कोण ओळखेल? 'काजू' आणि 'अननस' हे ब्राझीलच्या तुपी भाषेतले शब्द पोर्तुगीजांच्या तोंडून आपल्याकडे आले. आपण हे निःशंकपणे म्हणतो, कारण शब्दाबरोबर वस्तू आली, ती आणणारे गलबत माहीत आहे आणि ते कोणत्या शतकात आले हेही माहीत आहे. कोकणी आणि तुपी यांचे साम्य शोधत बसून हे कोणाला सापडले नसते.

'मण' या वजनाच्या शब्दालाही हीच कसोटी लावता येते. अक्कडी 'मनू', सुमेरी 'म-न', ग्रीक 'म्ना', अरबी 'मन्न' अशी त्याची मालिका व्यापाराच्या वाटेवर उभी आहे. ऋग्वेदाच्या आठव्या मंडलात सोन्याच्या संदर्भात एकदाच आलेला 'मना' हा शब्द त्याच मालिकेतला असावा असे टिळकांप्रमाणे इतरांनाही वाटले. इथे मला तुलना पटते. वजने व्यापाऱ्यांबरोबर फिरतात, आणि मेसोपोटेमियाचा पूर्वेकडे व्यापार होता याला लेखी आधार आहे. मेलुह्हाची जहाजे आपल्या धक्क्याला लागतात असे अक्कडचा राजा सारगोन अभिमानाने सांगतो. मेलुह्हा म्हणजे सिंधू खोऱ्याचा प्रदेश असे बहुतेक अभ्यासक मानतात. शु-इलिशु नावाच्या, मेलुह्हाच्या भाषेच्या दुभाष्याची मुद्रा लूव्रमध्ये आहे. दुभाषा होता, म्हणजे भाषा परस्परांना कळत नव्हत्या हेही त्यातच आले.

मोठे दावे

टिळकांनंतर काहींनी हीच वाट बेफाम धावून पार केली. वॅडेल यांनी १९२७ मध्ये चक्क सुमेर-आर्य शब्दकोश काढला आणि सुमेरी ही आर्यभाषाच ठरवून टाकली. त्याला भाषाशास्त्रात कोणी थारा दिला नाही. अलीकडे गॉर्डन व्हिटेकर यांनी जास्त काळजीने मांडणी केली : सुमेरी लोकांच्या आधी दक्षिण मेसोपोटेमियात एक इंडो-युरोपीय भाषा बोलली जात होती आणि तिचे अवशेष क्यूनिफॉर्म चिन्हांच्या वाचनात उरले आहेत. तिला त्यांनी 'युफ्रेटिक' म्हटले. सुमेरीच्या बहुसंख्य अभ्यासकांनी हेही स्वीकारलेले नाही.

अशा चर्चेत नेहमी येणारे शब्द पाहा. सुमेरी 'गु', म्हणजे बैल, आणि आपला 'गो' : पण सुमेरी शब्दाच्या अखेरीस व्यंजन होते, पूर्ण रूप 'गुद' असे काहीसे. सुमेरी 'गिगिर', म्हणजे गाडी, आणि आपले 'चक्र' : दोन्हींत द्विरुक्ती आहे खरी, पण फिरण्याला 'गरगर' म्हणणाऱ्या मराठी माणसाने द्विरुक्तीवरून नाते जुळवण्याआधी दोनदा विचार करावा. चाक फिरताना पाहून कोणतीही भाषा असा शब्द स्वतःच घडवू शकते.

आणि परशू. संस्कृत 'परशु' आणि ग्रीक 'पेलेकुस' यांचे मूळ अक्कडी 'पिलक्कु'त आहे असे पूर्वी पुस्तकांतून छापले जाई, कारण पिलक्कुचा अर्थ कुऱ्हाड असा केला होता. पुढे पाट्यांमधले संदर्भ जमवल्यावर तो शब्द सूत कातायच्या टकळीचा निघाला. चिपळूणजवळच्या डोंगरावरच्या भार्गवरामाच्या हाती टकळी देण्याची आपली तयारी नसेल, तर ही व्युत्पत्तीही सोडून द्यावी लागते.

पक्का पुरावा कसा दिसतो, हे हित्ती राजधानीच्या उत्खननात मिळालेल्या पाट्यांवरून कळते. मितान्नीच्या किक्कुलीने घोडे शिकवण्यावर लिहिलेल्या ग्रंथात फेऱ्यांच्या मोजणीत 'ऐक', 'तेर', 'पंझ', 'सत्त' असे आकडे येतात. अर्थ, विषय आणि काळ तिन्ही ठाऊक आहेत, आणि आकडे क्रमाने येतात. इथे वाद घालायला जागाच उरत नाही.

काय उरते

टिळकांच्या यादीतले निम्मे शब्द आज टिकत नाहीत. तरीही त्यांनी सुटा शब्द घेतला नाही, एक सूक्त घेतले, ही त्यांची पद्धत मोलाची आहे. विष उतरवण्याच्या एकाच मंत्रात न उलगडणारे चार-पाच शब्द दाटीने यावेत, त्यांतल्या दोघांना जल आणि पाताळ यांच्या कथांचा आधार मिळावा, हे कोशातून वेचून काढलेल्या पन्नास साम्यांपेक्षा जास्त बोलते. मंत्रात परका शब्द मुद्दाम जपला जातो, कारण तो कळत नाही यातच त्याचे सामर्थ्य मानले जाते. आपल्याकडच्या शाबरी मंत्रांतले अगम्य शब्द आठवावेत. तसा शब्द तोंडोतोंडी झिजतो, म्हणून त्यावरून काळ ठरवणे धोक्याचे. पण कोणीतरी कोणाकडून तरी तो शिकला होता, एवढे तो सांगून जातो.

आजकाल सुमेरी आणि संस्कृत शब्दांच्या याद्या दोन हेतूंनी फिरतात : सगळे आपल्याकडून तिकडे गेले हे दाखवायला, किंवा सगळे तिकडून आपल्याकडे आले हे दाखवायला. दोन्ही पक्षांना टिळकांचा हा लेख अडचणीचा ठरावा. त्यांनी वाट दोन्ही बाजूंनी मोकळी ठेवली होती. भांडारकरांची शिस्त त्यांनी सगळीकडे पाळली नाही हे खरे. पण वेदातल्या न कळणाऱ्या शब्दापुढे थांबून 'हा आपला नसेल' असे म्हणण्याचे धैर्य त्यांच्याकडे होते. ज्या किनाऱ्यावर पराया फळाला आपण स्वतःची ओळख मानतो, तिथल्या वाचकाला ते धैर्य समजायला हरकत नाही.