पुराण की शास्त्र? : ख्रिस्तपुराणाच्या विचारातील एक उपेक्षित अंग

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाचा विषय निघाला की मराठीत चर्चा बहुधा दोनच वाटांनी जाते. एक वाट भाषेची : हे काव्य मराठी म्हणावे की कोंकणी, त्यात ब्राह्मणी बोलीची भेसळ किती, इत्यादी. दुसरी वाट कौतुकाची : एका इंग्रज पाद्र्याने आमच्या भाषेची केवढी थोरवी गायिली! या कौतुकाने ग्रंथाचे हितापेक्षा अहितच अधिक केले, असे आम्हांस वाटते. मराठीच्या स्तुतीच्या मूठभर ओव्या पाठ्यपुस्तकांत शिरल्या आणि उरलेल्या सुमारे अकरा हजार ओव्या कपाटात राहिल्या. ज्या प्रश्नापोटी हा ग्रंथ जन्मास आला, तो प्रश्न मात्र कोणी फारसा विचारलेला दिसत नाही. तो प्रश्न असा : स्टीफन्स यांनी बायबलाचे भाषांतर का केले नाही? पुराण का रचले?

उत्तर शोधू गेल्यास सोळाव्या शतकातील युरोपात जावे लागते. धर्माचे अंतिम प्रमाण कोणते, केवळ लिखित वचन, की त्या वचनाबरोबर चर्चने पिढ्यानपिढ्या सांभाळलेली परंपराही, या वादावरून तेथे ख्रिस्ती समाज दुभंगला होता. ल्यूथर आणि त्यांच्या अनुयायांनी एकट्या ग्रंथाचा पक्ष घेतला आणि तो ग्रंथ प्रत्येकाच्या हाती, प्रत्येकाच्या भाषेत देण्याचा हव्यास धरला. यावर ट्रेंट येथील परिषदेने ८ एप्रिल १५४६ रोजी निर्णय दिला, की ग्रंथ आणि अलिखित परंपरा ही दोन्ही सारख्याच आदराने स्वीकारावीत. पुढे १५६४ च्या नियमांनी लोकभाषेतील बायबल वाचण्यास वरिष्ठांच्या परवानगीची अट घातली. परवानगी मिळत नसे असे नव्हे. पण ग्रंथ आणि वाचक यांच्यामध्ये एक दार उभे राहिले आणि त्याची किल्ली चर्चच्या हाती राहिली.

स्टीफन्स हे या वादातूनच आलेले. १५४९ च्या सुमारास विल्टशायरमध्ये त्यांचा जन्म झाला. एलिझाबेथ राणीच्या इंग्लंडात इंग्रजी बायबल घरोघर पोहोचले होते आणि कॅथलिक असणे जोखमीचे झाले होते. ते देश सोडून रोमला गेले, १५७५ साली जेझुइट संघात शिरले, आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यास पोहोचले. लोकभाषेतील धर्मग्रंथ काय करू शकतो हे त्यांच्याइतके जवळून पाहिलेला दुसरा धर्मोपदेशक त्या काळच्या गोव्यात क्वचितच असेल. त्यांच्याच निर्वासित देशबांधवांनी १५८२ साली रेंस येथे कॅथलिक पक्षाचा इंग्रजी नवा करार छापला, तोही टीपांचा पहारा ठेवून. तेव्हा सासष्टीत बसून १६१६ साली रायतूर येथे आपले काव्य छापताना त्यांनी भाषांतराची वाट टाळली, ती अजाणता टाळली असे म्हणता येणार नाही.

ग्रंथाच्या आरंभीच नवख्रिस्ती श्रोत्यांची मागणी येते. आमची जुनी पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, मग त्यांच्या जागी आम्हांस काय देता, असा त्या मागणीचा मथितार्थ. त्यास उत्तर म्हणून आदिकथेपासून ख्रिस्तचरित्रापर्यंत हा कथाविस्तार येतो. पहिल्या पुराणात जुन्या कराराचा आणि दुसऱ्यात ख्रिस्ताचा विषय. मात्र कथेच्या ओघात जे येते ते सारे बायबलाच्या पानांवर त्याच रूपात सापडणार नाही. लुसिफेर आणि त्याच्या पक्षाचे देवदूत यांचे पतन जसे विस्ताराने सांगितले जाते, तसे ते मोशेच्या ग्रंथात नाही. मरियेच्या जन्माविषयी जे सांगावयाचे, त्याचाही आधार चार शुभवर्तमानांत नव्हे, चर्चच्या परंपरेत आहे. प्रॉटेस्टंट दृष्टीच्या वाचकाला हे प्रक्षेप वाटतील. परंतु स्टीफन्स ज्या भूमीवर उभे आहेत तेथे हे प्रक्षेप नव्हेतच. ग्रंथ आणि त्याचे परंपरागत विवरण ही एकाच वस्तूची दोन अंगे आहेत. यास्तव ख्रिस्तपुराणाला सदोष भाषांतर ठरविणारी टीका मुळातच चुकीच्या दाराशी उभी आहे.

येथे आम्ही पेडणे आणि डिचोली या तालुक्यांतील वाचकांचे लक्ष विशेषेकरून वेधू इच्छितो. हे तालुके अनुक्रमे १७८८ आणि १७८१ साली पोर्तुगीज अंमलाखाली आले, म्हणून नव्या काबिजादींत मोडतात. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता. इन्क्विझिशनही पुढे १८१२ साली कायमचे उठले. त्यामुळे देवळातील पुराणवाचनाची परंपरा येथे अखंड चालत आली. पुराणिक पोथी सोडतो, ओवी म्हणतो आणि अर्थ सांगतो. श्रोता पोथी हाती घेत नाही, ऐकतो. ‘शास्त्राद्रूढिर्बलीयसी’ हे वचन ज्यांच्या घरात बोलण्यात सहज येते, त्यांना परंपरा म्हणजे काय हे ट्रेंटच्या धर्मपंडितांकडून शिकावे लागत नाही. स्टीफन्स यांनी नेमकी हीच श्रवणाची रीत उचलली. पेडण्याच्या वाचकाला ख्रिस्तपुराण उघडताच ओळखीचे वाटावे, याचे कारण ओवीचे वळण तर आहेच. पण ग्रंथ आणि श्रोता यांच्यामध्ये सांगणारा असतो, हे मूळचे गृहीतही ओळखीचेच आहे.

तथापि या ओळखीने भुलूनही चालणार नाही. सासष्टीतील श्रोत्यांची पुराणे आधी काढून घेतली गेली आणि मग त्यांना पुराण देण्यात आले. देवळे पाडली गेली होती. १५८३ साली कुंकळ्ळीस रक्त सांडले होते. एक परंपरा तोडून तिच्या रिकाम्या जागी दुसरी बसविताना पहिलीच भाषा, पहिलाच छंद आणि वैकुंठासारखे पहिलेच शब्द वापरावे लागले, हे या काव्याचे वैभव आहे आणि त्याच्या पोटातील दुःखही आहे. केवळ वैभव सांगणारा समीक्षक अर्धेच सांगतो.

परंपरा कोणाच्या मुखाने बोलते, हा प्रॉटेस्टंटांचा जुना आक्षेप. चर्च म्हणजे परंपरा, की परंपरेच्या नावाने चालणारा अधिकाऱ्यांचा अंमल? गोमंतकात हा प्रश्न प्रॉटेस्टंटांनी विचारण्याआधी एका कॅथलिक बिशपानेच विचारला, आणि तोही डिचोलीत राहून! दिवाडीचे मातेउश द काश्त्रू हे जन्माने ब्राह्मण. गोव्यात त्यांना दीक्षा नाकारली गेली. ते रोमला गेले, १६३७ साली बिशप झाले, आणि परत आल्यावर पोर्तुगीज हद्दीबाहेर, आदिलशाही मुलखातील डिचोलीत त्यांनी ठाणे मांडले. पोर्तुगालच्या राजाचा धर्मसत्तेवरील हक्क आणि रोमची थेट आज्ञा यांतील झगडा त्यांच्या रूपाने डिचोलीत नांदला. त्यांचे भांडण ग्रंथाविरुद्ध नव्हते, परंपरेविरुद्धही नव्हते. परंपरेचे राखणदार कोण, एवढ्यापुरते होते. युरोपातील वाद इकडे आल्यावर कसे वर्ण पालटतात याचा असा मासला दुसरा मिळणे कठीण.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. मराठी मुलखात प्रॉटेस्टंट मिशनरी आले ते एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. श्रीरामपूरला केरी, १८१३ पासून मुंबईस अमेरिकन मिशन. त्यांचे पहिले काम भाषांतराचे. आणि ग्रंथाला मराठीत नाव मिळाले ‘पवित्र शास्त्र’! कॅथलिकाने ‘पुराण’ म्हटले, प्रॉटेस्टंटाने ‘शास्त्र’ म्हटले. ट्रेंट आणि विटेनबर्ग यांमधील सारे अंतर या दोन मराठी शब्दांत आम्हांस दिसते. शास्त्रात शब्द प्रमाण असतो, तो हलविता येत नाही. पुराणात कथा प्रमाण असते, ती पुन्हा पुन्हा सांगता येते. पंडिता रमाबाईंनी तर शब्दप्रामाण्याचा कळस गाठला. प्रचलित मराठी बायबलातील संस्कृतप्रचुर आणि हिंदू उपासनेचा वास असलेले शब्द त्यांना खपेनात. म्हणून हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी स्वतः साधे भाषांतर केले, ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली संपूर्ण प्रसिद्ध झाले. ज्या वैकुंठाला स्टीफन्स यांनी खुशाल आश्रय दिला, तशा शब्दांना रमाबाईंनी दार बंद केले. निष्ठेच्या दृष्टीने रमाबाईंचा मार्ग अधिक कठोर, यात शंका नाही. पण मराठी काव्य म्हणून काय उरते हे विचारल्यास आमचा कौल स्टीफन्स यांच्याकडे झुकतो, हे आम्ही लपवीत नाही.

वादाचा शेवट मात्र असा सरळ झाला नाही. नारायण वामन टिळक हे प्रॉटेस्टंट. ख्रिस्ताचे चरित्र मराठी मनाला सांगावयाचे ठरविताच त्यांची लेखणी शास्त्राकडून पुन्हा ओवीकडे वळली. ‘ख्रिस्तायन’ हे नावच पाहा. १९१९ साली ते वारले तेव्हा काव्य अपुरे होते. ते लक्ष्मीबाईंनी तडीस नेले. उलट दिशेनेही पाऊल पडले. १८ नोव्हेंबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ग्रंथ आणि परंपरा यांचा एकच ठेवा असल्याचे पुन्हा सांगतानाच ग्रंथाची वाट सर्वांसाठी खुली करण्याचा आग्रह धरला; आणि वसईचे कॅथलिक धर्मगुरू फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ मराठीत आणले. हेच दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

आमच्या शिक्षकबंधूंना एकच सुचवावेसे वाटते. १९५६ साली शांताराम बंडेलू यांच्या आवृत्तीने ख्रिस्तपुराण देवनागरीत छापून आले. तोवर छापील ग्रंथ रोमन लिपीत अडकून होता, ही सबब आता उरलेली नाही. वर्गात स्तुतीच्या ओव्या बाजूस ठेवून पहिल्या पुराणातील उत्पत्तिकथा घ्यावी, शेजारी रमाबाईंच्या उत्पत्तीचा पहिला अध्याय ठेवावा, आणि दोन्ही मोठ्याने वाचावीत. कोठे सांगणारा पुढे येतो, कोठे तो मागे सरतो, हे डिचोलीतील कीर्तन ऐकत वाढलेला विद्यार्थी कानानेच टिपील.