'शिफ्ट' : पर्यायशब्द आणि कर्त्याची जागा

समानार्थी शब्द ही कोशाची सोय आहे, भाषेतील वस्तुस्थिती नव्हे, हे आता वेगळे सिद्ध करण्याची गरज नाही. शब्दाचे मूल्य त्याच्या शेजारच्या शब्दांमुळे ठरते, हे सोस्यूरचे प्रतिपादन आपल्या समीक्षेने केव्हाच आत्मसात केले आहे. तथापि पर्यायांमधील भेद म्हटला की आपण बहुधा अर्थच्छटांचा किंवा शैलीचा विचार करतो. प्रस्तुत टिपणाचा रोख याहून निराळ्या भेदाकडे आहे. कृती कोणी केली हे सांगण्याची सक्ती काही शब्द करतात; काही शब्द ती माफ करतात. इंग्रजीतील 'शिफ्ट' या अतिपरिचित क्रियापदाचे मराठीत जे झाले, त्यात हा भेद स्पष्ट दिसतो.

या शब्दाच्या प्राचीन इंग्रजी रूपाचा अर्थ जागा बदलणे असा नव्हताच. वाटणी करणे, मांडणी लावणे, क्रम ठरवून देणे, हा त्याचा मूळ आशय. 'हलवणे' हा अर्थ मागाहून आला. कारखान्यातील 'शिफ्ट'मध्ये मात्र वाटणीचा जुना आशय अजून जागा आहे, आणि म्हणूनच त्या अर्थी मराठीने 'पाळी' हा शब्द योजला तो फार नेमका ठरला. पाटाच्या पाण्याची पाळी आणि गिरणीतील रातपाळी यांत तत्त्व एकच: जे सर्वांना एकाच वेळी देता येत नाही, ते क्रमाने वाटून द्यायचे. माहुल-चेंबूर परिसरात 1954 आणि 1955 साली तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले, तेव्हापासून 'शिफ्ट' हा शब्द तेथे या अर्थाने रुळलेला आहे. या शिफ्टमध्ये जागा तीच राहते, माणसे बदलतात.

2017 पासून त्याच माहुलमध्ये हा शब्द उलट्या अर्थाने आला: माणसे तीच, जागा बदललेली. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपडपट्ट्या हटवल्यानंतर विद्याविहार, घाटकोपर इत्यादी ठिकाणच्या हजारो कुटुंबांना माहुलच्या इमारतींमध्ये पाठवण्यात आले. (मी येथे 'पाठवण्यात आले' असे लिहून गेलो, या वाक्यरचनेकडे पुढे यायचे आहे.)

इंग्रजीत 'शिफ्ट' सकर्मकही आहे आणि अकर्मकही. एकच रूप दोन्ही कामे करते. मराठी मात्र परके क्रियापद उसने घेताना त्याला 'करणे' किंवा 'होणे' यांचा आधार देते आणि तेथे निवड अटळ होते. 'लोकांना माहुलला शिफ्ट केले' असे म्हटले की कोणी केले हा प्रश्न वाक्यातच उभा राहतो. 'लोक माहुलला शिफ्ट झाले' म्हटले की तो मिटतो; जणू सदनिका विकून मोठी सदनिका घेणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबाप्रमाणे तेही सामान बांधून निघाले. शब्द उसना, परंतु निवड आपली. तिचा दोष इंग्रजीच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

आपल्या जुन्या क्रियापदांना हा आडोसा सहजी मिळत नाही. 'बिऱ्हाड हलवणे' यात घरधनी कर्ता असतो. 'वस्ती उठवणे', 'हुसकावणे' यांत बळाचा वापर क्रियापदाच्या पोटातच आहे. 'आणून टाकणे' तर सर्वांत बोलके: 'टाकणे' वस्तूंच्या बाबतीत वापरतात, आणि नवऱ्याने सोडलेल्या स्त्रीला 'टाकलेली' म्हणतात. प्रशासकीय मराठीने ही सर्व क्रियापदे बाजूला सारून '-ण्यात येणे' ही रचना पत्करली. जुन्या व्याकरणांनी ज्याला नवीन कर्मणी म्हटले, त्यात निदान 'कडून' लावून कर्ता सांगता तरी येतो. 'हलवण्यात आले' मध्ये त्याच्यासाठी जागा शिल्लक असली तरी तिथे कोणी बसत नाही. 'प्रकल्पग्रस्त' हा शब्द याच जातीचा: पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त यांच्या पंगतीत बसवून तो प्रकल्पाला नैसर्गिक आपत्तीचे निरागसपण देतो.

'शिफ्ट'चा सर्वांत प्रतिष्ठित पर्याय म्हणजे 'पुनर्वसन', आणि खरा पेच येथे आहे. ज्या इंग्रजी 'रिहॅबिलिटेट'साठी आपण तो योजतो, त्याचा राहण्याशी व्युत्पत्तीने थेट संबंध नाही. त्याच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ सक्षम, योग्य असा आहे. गेलेली पात्रता वा प्रतिष्ठा परत देणे हा त्याचा आशय. आपण 'वस्' धातू निवडला आणि पुनर्वसन म्हणजे छप्पर असे समीकरण झाले. एरवी ही व्युत्पत्तीची चर्चा पंडिती ठरली असती. परंतु माहुलच्या रहिवाशांची मुख्य तक्रार छपराविषयी नव्हतीच; ती हवेविषयी, आजारांविषयी होती. माहुल परिसरातील हवेचे प्रदूषण आरोग्यास घातक असल्याची दखल राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2015 मध्येच घेतली होती. म्हणजे 'वसन' झाले. सक्षमता मात्र येथे येऊन ढासळली. मराठी शब्दाच्या कसोटीवर जे पुनर्वसन उत्तीर्ण होते, ते इंग्रजी शब्दाच्या कसोटीवर अनुत्तीर्ण ठरते. भाषांतरात काय हरवते याची उदाहरणे आपण नेहमी कवितेतून देतो. हे उदाहरण त्यांहून कमी महत्त्वाचे नाही.

2018 च्या ऑक्टोबरमध्ये काही रहिवासी माहुलहून परत विद्याविहारला येऊन जलवाहिनीजवळ रस्त्याच्या कडेला राहू लागले. या कृतीला 'शिफ्ट होणे' कोणी म्हणणार नाही, आणि 'पुनर्वसन' तर नाहीच. येथे 'परत येणे' हे साधे क्रियापदच लागते आणि त्याचा कर्ता दडवता येत नाही. 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने माहुलमध्ये राहण्याची सक्ती करता येणार नाही, असा निर्णय देताना पर्यायी घर मिळेपर्यंत दरमहा 15,000 रुपये भाडे देण्याचा आदेश दिला. त्यानंतर जे बाहेर पडले त्यांच्यासाठी योग्य क्रियापद 'सोडणे' हे आहे. 'आम्ही माहुल सोडले' या वाक्यात 'आम्ही' गाळले तर कोणी सोडले हे विचारावेच लागते.