मिश्रण आणि शोध

धुण्याच्या दोन परिचित पावडरी एकत्र केल्या, तर तो शोध ठरेल का? अमेरिकेच्या सीमाशुल्क व पेटंट अपील न्यायालयापुढे १९८० साली केरखोव्हेन प्रकरणात जवळपास हाच प्रश्न आला. दोन पदार्थ एकाच कामासाठी आधीच माहीत असतील, तर ते मिसळण्याची कल्पना सकृद्दर्शनी उघडच, असे न्यायालयाने म्हटले.

निकाल योग्य वाटतो. त्यामागचे तर्कसूत्र मात्र रसायनशास्त्राच्या शिक्षकाला खटकावे. साबण मळ काढतो, सेट्रिमाइडही काढते. पण दोन्ही मिसळली, की विरुद्ध विद्युतभारामुळे एकमेकांना निकामी करतात! काम एक असले म्हणजे गुणांची बेरीज होतेच असे नाही. म्हणूनच ‘सकृद्दर्शनी’ या शब्दाला महत्त्व आहे. अनपेक्षित परिणाम प्रयोगाने दाखवता आला, तर निष्कर्ष बदलू शकतो.

१९६६ चा ॲडम्स खटला घ्या. मॅग्नेशियम, क्युप्रस क्लोराइड आणि पाणी यांचा विद्युतघट. घटक सारे जुने. घट चाललेला पाहिल्यावर ‘यात काय मोठेसे?’ म्हणणे सोपे होते. परंतु आधीची माहिती अशा रचनेपासून परावृत्त करणारी होती आणि तज्ज्ञांचा तर सुरुवातीला त्या घटावर विश्वासच बसला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने नेमके हेच लक्षात घेऊन पेटंट वैध ठरवले.