बदाऊनीचें अर्गनून : एका वर्णनाची चिकित्सा

भाईंदरास जेसल पार्कच्या बाजूस खाडीकांठीं उभें राहिलें असतां वसईची आठवण होणें साहजिक आहे. आणि वसई म्हटली कीं १७३९ सालीं चिमाजी अप्पांच्या विजयानंतर फिरंगी चर्चांतून निघून मराठी मुलखांतील देवस्थानांत गेलेल्या घंटा डोळ्यांपुढें येतात. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळावरील घंटा त्यांपैकीं विशेष प्रसिद्ध. घंटा ही एकसंध वस्तु. कोठेंही टांगली तरी वाजते आणि आपली ओळख आपणच देते. चर्चमधील दुसरें मोठें वाद्य जें ऑर्गन, त्याची गोष्ट तशी नाहीं. लांकूड, चामडें, कथील व शिसें यांच्या असंख्य तुकड्यांचें तें यंत्र. निगा राखणारा गेला कीं तें मुकें होतें व पुढें मोडतें. अशा वाद्याचा पुरावा बहुधा कागदावरच शोधावा लागतो, आणि कागद पारखल्यावांचून घेतां येत नाहीं. अब्दुल कादिर बदाऊनीच्या ‘मुन्तखबुत्तवारीख’ या ग्रंथांतील अर्गनूनाचें वर्णन येथें पारखावयाचें आहे.

हिजरी ९८८, म्हणजे इ. स. १५८० च्या सुमाराच्या हकीकतींत बदाऊनी सांगतो कीं, हाजी हबीबुल्ला यानें फिरंगस्तानांतून आणलेलें अर्गनून लोकांस दाखविण्यांत आलें. तें माणसाएवढ्या मोठ्या पेटीसारखें होतें. एक फिरंगी तिच्या आंत बसून तारा वाजवी, आणि बाहेर दोघे इसम पांच मोरपंखांवर बोटें ठेवीत. त्यायोगें नाना प्रकारचे ध्वनि निघत. लो यांच्या १८८४ च्या इंग्रजी भाषांतराचा हा आशय आहे.

प्रथम ‘फिरंगस्तान’ या शब्दाचा निकाल लावूं. अबुल फज्लच्या ‘अकबरनाम्या’वरून हाजीची रवानगी १५७५ त गोव्यास झाली व १५७७ त तो परतला. तेव्हां बदाऊनीचें फिरंगस्तान म्हणजे व्यवहारांत गोवें होय. दोन्ही ग्रंथांत खरा विरोध नाहीं. तसेंच, जेसुइट पाद्र्यांचें पहिलें मंडळ फत्तेपुर सिक्रीस १५८० त पोंचलें, एवढ्यावरून हें वाद्य त्यांच्या पदरीं घालणेंही बरोबर नाहीं. तें त्यांच्या आधींच, बादशहाच्या स्वतःच्या माणसाबरोबर आलेलें होतें.

आतां वर्णनाकडे वळूं. पेटींत बसलेला फिरंगी आणि मोरपंख हें वाचून कोणी हा केवळ अद्भुत रसाचा खेळ मानील. उलट मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढें नाटकमंडळ्यांतील ऑर्गन उभा राहील. आणि त्यांत ना नळी, ना बाहेरचा भातेवाला. हा दुसरा घोटाळा अधिक फसवा आहे. नाटकांतील ऑर्गनांत पितळी जिभा वाऱ्यानें कांपून स्वर देतात, व वाजविणारा स्वतःच पायांनीं भाता चालवितो. हार्मोनियमच्या कुळांतील हें वाद्य एकोणिसाव्या शतकाचें अपत्य आहे. चर्चचा ऑर्गन म्हणजे मूलतः बांसऱ्यांचा समूह. भात्यांनीं दाबलेली हवा एका बंद पेटींत सांठते. पेटीच्या माथ्यावर नळ्यांच्या रांगा असतात. प्रत्येक स्वराखालीं एक झडप. पट्टी दाबली कीं झडपेस जोडलेली तार ती खालीं ओढते आणि हवा नळींत शिरते. बहुतेक नळ्यांत जीभ नसतेच. ओठाच्या धारेवर वारा फुटून आंतील हवेचा स्तंभच नादतो.

हें अंतरंग ध्यानांत घेतलें कीं बदाऊनीचा प्रत्येक शब्द पुन्हां तपासावा लागतो. बाहेरचे दोघे हे निःसंशय भातेवाले. एक भाता भरत असतां दुसरा रिकामा व्हावा लागतो, नाहींतर स्वर तुटतो. म्हणून एकाहून अधिक भात्यांचा उल्लेख योग्यच आहे. घड्या घातलेलें चामडें उघडतां-मिटतांना पिसाऱ्यासारखें दिसतें. ‘मोरपंख’ ही उपमा त्यावरून सुचली असावी. पांच हा आंकडा भात्यांचा कीं घड्यांचा, हें मात्र शब्दांवरून ठरत नाहीं. फिरंगी ‘आंत’ बसला होता म्हणजे पेटीच्या खोबणींतील पट्ट्यांपुढें बसल्यामुळें अर्धा झांकला गेला होता, असें घेतल्यास अडचण उरत नाहीं. ‘तारा वाजवी’ हें तेवढें चूक; पण झडपा ओढणाऱ्या तारा कोणी त्यास दाखविल्या असल्यास ही चूक अज्ञानाची नव्हे, तर अर्धवट पाहिल्याची ठरते. हा तर्क आहे, सिद्धांत नव्हे.

‘माणसाएवढी’ हा शब्द सर्वांत मोलाचा आहे. मोठ्या ऑर्गनाच्या मुख्य रांगेंतील सर्वांत खर्जाची उघडी नळी सुमारें ८ फूट लांब असते. ती माणसाएवढ्या पेटींत मावणार नाहीं. तोंड बंद केलेली ४ फुटी नळी तोच स्वर देते, पण तिचा नाद पोकळ व मऊ असतो. तेव्हां हें वाद्य चर्चच्या सज्जांतील महावाद्य नसून उचलून नेतां येणारा लहान ऑर्गन होता, व त्याचा खर्ज एकतर बंद नळ्यांचा, नाहींतर एक सप्तक वरचा असला पाहिजे. गोव्याहून फत्तेपुरापर्यंतचा प्रवासही हेंच सुचवितो.

१५९५ च्या निजामीच्या ‘खम्सा’च्या शाही प्रतींत माधू खानाजाद या चितान्यानें पशूंना मोहून टाकणारा अफलातून ऑर्गन वाजवितांना काढला आहे, त्यांत नळ्या स्पष्ट दिसतात. त्या चित्रावरून मापें घेणें धाडसाचें. परंतु नळ्यांचें वाद्य दरबारी चित्रकारास परिचित होतें एवढें त्यावरून खास ठरतें.

सारांश, बदाऊनीस यंत्र कळलें नाहीं, पण त्यानें पाहिलें तें बव्हंशीं खरें सांगितलें. आजपर्यंत त्याच्या मोरपंखांस हंसणारे आपण भात्यास विसरलों होतों. साक्षीदारास खोटा ठरविण्यापूर्वीं, तो ज्याविषयीं बोलतो ती वस्तु परीक्षकानें उघडून पाहिलेली असावी, एवढेंच या लहानशा चिकित्सेचें तात्पर्य.