पुरस्कार भाषेला की विषयाला? ‘श्री विठ्ठल : एक महासमन्वय’च्या निमित्ताने

इंग्लंडमध्ये १९८६ पासून रन्सिमन पुरस्कार दिला जातो. क्रूसेड्स आणि बायझंटाइन साम्राज्याचे इतिहासकार स्टीव्हन रन्सिमन यांच्या नावाचा हा पुरस्कार ग्रीस आणि ग्रीक संस्कृतीवरील इंग्रजी पुस्तकाला मिळतो. तिथे पुस्तकाचा विषय ठरलेला असतो. ते इतिहासाचे असो वा कवितेचे.

आपल्याकडे साहित्य अकादमी भाषावार पुरस्कार देते. मराठीतला पहिला, १९५५चा पुरस्कार तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ला मिळाला. म्हणजे संस्कृतीच्या इतिहासाला इथे सुरुवातीपासून मान आहे. पण तो मराठी ग्रंथ म्हणून.

ही चौकट कुठे अपुरी पडते, ते रा. चिं. ढेरे यांच्या ‘श्री विठ्ठल : एक महासमन्वय’मध्ये दिसते. १९८४ साली आलेल्या या ग्रंथाला १९८७चा अकादमी पुरस्कार मिळाला. विठ्ठल मुळात गवळी-धनगरांचा लोकदेव होता आणि पुढे त्याचे वैष्णवीकरण झाले, असे ढेरे मांडतात. त्यासाठी ते मराठीबरोबर कन्नड-तेलुगू परंपराही धुंडाळतात. पंढरपूरच्या मंदिरातील १२३७चा शिलालेख होयसळ राजा सोमेश्वराच्या दानाचा आहे. संतांनीही विठ्ठलाला ‘कानडा’ म्हटले. ग्रंथ मराठीत लिहिलेला असला, तरी त्याचा विषय एका भाषेत मावणारा नाही.

ग्रंथाचे बळ पुराव्यांच्या विविधतेत आहे : स्थलपुराणे, शिलालेख, लोकगीते, पूजाविधी. मात्र सगळ्या पुराव्यांचे वजन सारखे नसते. शिलालेखाला काळ आणि ठिकाण असते. विठ्ठल आणि वेंकटेश या दोघांच्याही कथेत पत्नी रुसून दूर जाते. हे साम्य बोलके आहे, पण केवळ साम्यावरून एकमूलत्व सिद्ध होत नाही. प्रयोगशाळेत दोन आलेख सारखे दिसले म्हणून दोन्हींचे कारण एकच, असे आपण लिहीत नाही. ढेरे अशी अनेक साम्ये एकत्र आणतात, त्यामुळे त्यांचे अनुमान संभाव्य ठरते, निर्विवाद नव्हे. मूळ विठ्ठलमूर्ती माढ्याची, हे त्यांचे मत वादग्रस्त ठरले, ते याच दृष्टीने तपासावे.

मग पुरस्कार चुकला का? मुळीच नाही. निष्कर्ष अंतिम आहे म्हणून नव्हे, तर वाचकाला पुरावे तपासता येतात म्हणून हा ग्रंथ मोठा. मात्र ‘मराठीचा गौरव’ एवढ्यावरच थांबलो, तर ग्रंथाने जोडलेली कर्नाटक-आंध्राची बाजू निसटते. ॲन फेल्डहाउस यांच्या इंग्रजी अनुवादामुळे तो मराठीबाहेर पोहोचला. के. आर. पुरमच्या वर्गात कन्नड, तेलुगू, मराठी घरांतली मुले एकाच बाकावर बसतात. हा विषय त्या सगळ्यांचा आहे.

स्वाध्याय : तुमच्या गावच्या एखाद्या देवस्थानाविषयीचे तीन पुरावे निवडा. शिलालेख, आख्यायिका आणि साम्य यांपैकी प्रत्येकावर किती विश्वास ठेवाल, ते कारणांसह लिहा.