पॉडकास्ट : पत्ता कोणाच्या हाती?

शिक्षकांच्या एका उन्हाळी शिबिरात एका विज्ञान शिक्षिकेने मला आपला मोबाईल दाखवला. घरच्या घरी करता येण्याजोग्या प्रयोगांवर त्यांनी विद्यार्थ्यांच्याच आवाजात बारा भाग ध्वनिमुद्रित केले होते. मुले छान बोलत होती. एका भागात मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती; पण तो भाग वाफेच्या दाबावर असल्याने ती खटकत नव्हती. बाईंचा प्रश्न साधा होता. "सर, हे स्पॉटिफायवर गेलंय. आता ॲपलवर आणि इतर ठिकाणी द्यायचं तर बाराच्या बारा भाग पुन्हा पुन्हा अपलोड करायचे का?"

उत्तर 'बहुतेक ठिकाणी नाही' असे आहे. पण ते समजावून सांगायला अर्धा तास लागला. पॉडकास्ट करणाऱ्या बऱ्याच शिक्षकांना ध्वनिमुद्रण जमते, संपादन जमते. मात्र तो श्रोत्यापर्यंत कोणत्या वाटेने जातो हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. ही पोकळी 'तुमचा पॉडकास्ट एका क्लिकमध्ये सर्वत्र!' अशा जाहिरातीने भरून निघते. या एका वाक्यात खरे किती, अर्धवट किती आणि घातक किती, हे तपासून पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

ध्वनी एका जागी, यादी दुसऱ्या जागी

पॉडकास्टची यंत्रणा तीन भागांची असते. पहिला भाग म्हणजे महाजालाला जोडलेल्या कोणत्या तरी संगणकावर ठेवलेली ध्वनीची फाईल. दुसरा भाग म्हणजे एक यादी : साध्या मजकुराची, पण ठरावीक खुणांनी बांधलेली. तिसरा भाग म्हणजे श्रोत्याच्या मोबाईलमधील ॲप. ही यादी ज्या पद्धतीने लिहितात तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे आपल्याकडे वेगळ्याच अर्थाने परिचित आहेत. म्हणून येथे मी यादीला 'फीड' एवढेच म्हणतो.

फीडमध्ये मालिकेचे नाव, भाषा, मुखपृष्ठाच्या चित्राचा पत्ता, संपर्काचा ईमेल आणि मग एकेका भागाची नोंद असते. प्रत्येक नोंदीत भागाचे शीर्षक, तारीख, त्याची कायमची ओळखखूण आणि ध्वनीच्या फाईलविषयी तीन गोष्टी असतात : ती कोठे आहे, किती बाइटची आहे आणि कोणत्या प्रकारची आहे. प्रत्यक्ष ध्वनी फीडमध्ये नसतोच. त्याचा फक्त पत्ता असतो.

ही विभागणी हुशारीची का आहे ते आकडेमोडीने दिसते. वीस मिनिटे म्हणजे १२०० सेकंद. सेकंदाला ६४ हजार बिट या दराने एमपी-३ फाईल केली, तर ७ कोटी ६८ लाख बिट होतात. आठाने भागले की ९६ लाख बाइट, म्हणजे ९.६ मेगाबाइट. (हाच भाग सीडीच्या दर्जाने, न आकुंचता ठेवला तर सुमारे २१२ मेगाबाइट होईल.) याउलट बारा भागांची यादी काही किलोबाइटची असते. ॲप अधूनमधून एवढी छोटी यादी पाहून येते, नवी नोंद दिसली तर श्रोत्याला कळवते आणि गरज असेल तेव्हाच ध्वनी आणते. मासिकाची अनुक्रमणिका पाहून हवा तो लेख मागवावा, तसाच हा प्रकार.

ध्वनीचा पत्ता यादीत जोडण्याची ही सोय अमेरिकेत डेव्ह वायनर यांनी डिसेंबर २००० मध्ये फीडच्या नियमांत घातली. ॲडम करी यांनी या कल्पनेचा पाठपुरावा केला होता. 'पॉडकास्टिंग' हा शब्द फेब्रुवारी २००४ मध्ये 'गार्डियन' या ब्रिटिश वृत्तपत्रातील बेन हॅमर्स्ली यांच्या लेखात आला. जून २००५ मध्ये ॲपलने आपल्या आयट्यून्समध्ये पॉडकास्टची सूची सुरू केली आणि हा प्रकार घरोघरी पोचला. क्रम ध्यानात घ्यावा : आधी खुली पद्धत आली, मोठ्या कंपन्यांचे मंच नंतर आले. ही पद्धत कोणाच्याही मालकीची नाही, तिच्यासाठी परवाना लागत नाही.

'सर्वत्र' म्हणजे काय?

आता जाहिरातीकडे वळू. ॲपल, स्पॉटिफाय, ॲमेझॉन म्युझिक अशा मंचांवर पॉडकास्ट 'टाकणे' म्हणजे मूलतः त्यांना आपल्या फीडचा पत्ता कळवणे. काही मंच फीडमधील ईमेलवर संकेतांक पाठवून मालकी तपासतात. ॲपलला मुखपृष्ठाचे चित्र चौरस आणि किमान १४०० बाय १४०० बिंदूंचे लागते. हे सोपस्कार एकदाच करायचे असतात. पुढचा प्रत्येक भाग फीडमध्ये आला की सगळीकडे आपोआप दिसतो. तेव्हा 'एका क्लिकमध्ये सर्वत्र' यात जादू नाही. एकच पत्ता पाच-सहा ठिकाणी देण्याचे काम सेवेने आपल्या वतीने केलेले असते. दुपारभरात हाताने होणाऱ्या या कामासाठी शाळेने दरमहा पैसे मोजण्याचे कारण मला दिसत नाही. साठवणुकीसाठी मोजावेत, ते योग्य आहे.

यूट्यूबची गोष्ट मात्र वेगळी आहे. तेथेही फीड देता येते. परंतु यूट्यूब त्यातील ध्वनी उचलून आपल्याकडे त्याची चित्रफीत बनवून ठेवते. म्हणजे इतरत्र पत्ता जातो, येथे प्रत जाते. हा फरक तांत्रिक वाटतो, पण त्याचे परिणाम पुढे दिसतील.

शिवाय सूचीत नाव असणे म्हणजे श्रोता मिळणे नव्हे. ग्रंथालयात पुस्तकाचे कार्ड लागले म्हणून पुस्तक वाचले जातेच असे नाही. कोणता पॉडकास्ट वर दाखवायचा, कोणता शोधात सापडू द्यायचा, हे प्रत्येक मंच आपल्या नियमांनी ठरवतो. फीड खुली राहिली तरी हा दरवाजा मंचाच्याच हातात आहे. मराठीतून चालणाऱ्या लहान शालेय मालिकेला या दरवाजातून फारसे कोणी शोधत येत नाही. तिचे श्रोते पालकसभेतून, शिक्षकांच्या गटांतून, तोंडोतोंडीच मिळतात.

दुकान बंद झाले तर

मंच कायमचे नसतात. गूगलने २०१८ मध्ये 'गूगल पॉडकास्ट्स' हे ॲप काढले आणि २०२४ मध्ये बंद केले. 'स्टिचर' हे जुने ॲप ऑगस्ट २०२३ मध्ये बंद झाले. दोन्ही वेळा श्रोत्यांची गैरसोय झाली, पण पॉडकास्ट नाहीसे झाले नाहीत. कारण ते त्या ॲपमध्ये नव्हतेच! तीच फीड दुसऱ्या ॲपमध्ये उघडत होती.

आमचे उदाहरण याच्या उलट आहे. काही सहकारी आणि शिक्षक मिळून आम्ही २०१९ मध्ये एक मालिका सुरू केली. ध्वनी आणि फीड, दोन्ही एका मोफत सेवेकडे होते. २०२२ मध्ये ती सेवा बंद झाली. महिनाभर आधी सूचना आली होती. पण ती आमच्या एका संशोधक विद्यार्थ्याच्या ईमेलवर. तो पदवी घेऊन परदेशी गेला होता आणि त्याचे संस्थेतील खाते केव्हाच बंद झाले होते. एकतीस भागांच्या मूळ फाइली माझ्या संगणकावर होत्या, म्हणून ध्वनी वाचला. श्रोते वाचले नाहीत. त्यांची ॲपे जुन्याच पत्त्यावर जाऊन रिकाम्या हाताने परतत राहिली. कित्येक महिन्यांनी कोकणातील एका शिक्षकांचे पत्र आले, "आपला कार्यक्रम बंद पडल्याचे वाईट वाटते." कार्यक्रम चालूच होता!

यावर उपाय होता. घर बदलताना आपण टपाल कचेरीत नवा पत्ता देऊन ठेवतो. फीडच्या बाबतीतही तशी सोय आहे : जुन्या पत्त्यावर कोणी आले की 'कायमचे स्थलांतर' असा संकेत देऊन त्याला नव्या पत्त्याकडे वळवायचे. महाजालाच्या भाषेत या संकेताचा क्रमांक ३०१ आहे. पण ही पाटी जुन्या घराच्या दारावर लावावी लागते आणि ते घर उभे असेपर्यंतच लावता येते. आमची चूक सेवा निवडण्यात होती त्याहून अधिक पत्त्याबाबत बेफिकीर राहण्यात होती.

चूक कोठे दुरुस्त होते?

नव्या मालिकेच्या एका भागात मी प्रकाशवर्षाचे अंतर सांगताना '९.४६ लाख कोटी किलोमीटर' यातील 'लाख' हा शब्द गाळला. एका विद्यार्थिनीने चूक कळवली. त्याच संध्याकाळी दुरुस्त फाईल ठेवली आणि त्यानंतर कोणत्याही ॲपमधून जो भाग आणेल त्याला बरोबर आकडा मिळू लागला. ज्यांनी आधीच भाग उतरवून घेतला होता त्यांच्याकडे चूक राहिली, हे खरे. पण यूट्यूबवरील प्रतीत ती तशीच होती. तेथे त्याच दुव्यावर फाईल बदलता येत नाही. जुनी प्रत काढून नवी ठेवावी लागते. आणि व्हॉट्सॲपवरून गटागटांत फिरलेली फाईल? ती परत बोलावण्याचा मार्गच नाही. एक लाख पटीने आखडलेले प्रकाशवर्ष आजही कोणाच्या तरी वर्गात ऐकवले जात असेल.

माझ्या मते शिक्षकांच्या दृष्टीने वितरणाची खरी कसोटी येथे आहे. विज्ञानात चूक होणे लाजिरवाणे नसते, ती दुरुस्त न होणे लाजिरवाणे असते. ज्या वाटेने गेलेला धडा मागाहून सुधारता येतो ती वाट चांगली.

आकडे काय मोजतात?

'किती जणांनी ऐकले?' हा प्रश्न मुख्याध्यापक विचारतातच. सेवा जो आकडा दाखवते तो ऐकणाऱ्यांचा नसून फाइली उतरवल्याचा असतो. अमेरिकेतील जाहिरात व्यवसायाच्या संघटनेने ठरवलेल्या प्रमाणानुसार किमान एक मिनिटाचा ध्वनी उतरला तर ती एक नोंद धरतात, आणि एकाच महाजाल-पत्त्यावरून एकाच ॲपने चोवीस तासांत केलेल्या मागण्या मिळून एकच मोजतात. सप्टेंबर २०२३ मध्ये ॲपलने आपोआप भाग उतरवण्याची पद्धत बदलली, तेव्हा अनेक मालिकांचे आकडे घसरले. ऐकणारे होते तेवढेच होते. उलट, चाळीस मुलांच्या वर्गात शिक्षकाने एका ध्वनिक्षेपकावर भाग ऐकवला तर नोंद होते एक. जाहिरातदारासाठी बनवलेली मोजपट्टी वर्गाला लावली की असे होते. आपल्यासाठी मुलांनी विचारलेल्या प्रश्नांची वही अधिक विश्वासार्ह आहे.

मोठ्या मंचांचे काहीच चांगले नाही, असे माझे म्हणणे नाही. साठवणूक फुकट मिळते, मुले तेथे आधीच असतात आणि वापरायला सोपे असते. पण स्वतःच्याच कुंपणात श्रोता ठेवण्याचा प्रयोग मोठ्यांनाही पुरता मानवला नाही. अमेरिकेतील जो रोगन यांचा प्रचंड लोकप्रिय पॉडकास्ट २०२० च्या अखेरीस केवळ स्पॉटिफायवर नेण्यात आला. फेब्रुवारी २०२४ च्या नव्या करारानंतर तो पुन्हा इतर मंचांवरही आला.

मग शाळेने काय करावे? ध्वनीच्या मूळ फाइली स्वतःकडे, दोन ठिकाणी ठेवाव्यात. सेवा निवडताना तीन प्रश्न विचारावेत : फीडचा पत्ता मला मिळेल का, सोडून जाताना तो दुसरीकडे वळवता येईल का, आणि भागाची फाईल बदलता येईल का? एकाचेही उत्तर 'नाही' असेल तर ती सेवा मुख्य घर करू नये, शाखा म्हणून वापरावी. शक्य असल्यास फीडसाठी शाळेचे स्वतःचे नाव नोंदवावे. फीडमधील ईमेल व्यक्तीचा नको, शाळेचा असावा आणि तो दोघांनी तरी नियमित पाहावा. व्हॉट्सॲपवर फाईल न पाठवता दुवा पाठवावा.

त्या शिक्षिकेला मी शेवटी एवढेच करायला सांगितले : आपल्या फीडचा पत्ता शोधा आणि तो संगणकावरील ब्राउझरमध्ये उघडा. सेटिंगमध्ये जाऊन ती फीड आधी चालू करावी लागली; तोपर्यंत ती बंदच होती. म्हणजे त्यांचे बारा भाग एका मंचाच्या चार भिंतींतच होते. पडद्यावर खुणांनी भरलेला मजकूर उमटला आणि त्यात मुलांनी दिलेली बारा शीर्षके दिसली. बाईंनी तो पत्ता वहीत लिहून घेतला. आठवी-नववीच्या वर्गात हाच प्रयोग तासाभरात करता येईल. आपल्या मालिकेची फीड उघडावी आणि मुलांना विचारावे : यात आवाज कोठे आहे?